ओल रोखणाऱ्या फिल्मसाठी तीन थरांची ब्लोन फिल्म लाइन: पैसे कुठे लावावेत

फरशीच्या काँक्रीटखाली किंवा भिंतीच्या आत बसणारी पॉलिथिलीनची फिल्म बनवण्यासाठी सर्रास दाखवली जाणारी मांडणी अशी असते: ६५-९०-६५ मिमीचे तीन एक्स्ट्रुडर (दाणा वितळवून पुढे ढकलणारी यंत्रं), स्क्रूची लांबी व्यासाच्या ३० पट, वितळलेला माल ज्यातून नळीसारखा बाहेर पडून हवेने फुगतो ती ८०० मिमीची डाय, त्या फुग्याला बाहेरून गार करणारी जुळी एअर रिंग, वर फुगा चपटा करून ओढणारा फिरता हॉल-ऑफ आणि खाली रोल गुंडाळणारा सरफेस वाइंडर. विक्रेता बोलतो ते ताशी किलोंबद्दल. या कामासाठी तो आकडा दुय्यम आहे. पाण्याची वाफ अडवायचं काम बहुतांशी दाणाच, म्हणजे कच्चं पॉलिथिलीनच करतं. साध्या पॉलिथिलीनची १५० मायक्रॉनची फिल्मसुद्धा साधारण ०.०६ पर्मवर (पर्म म्हणजे वाफ झिरपण्याचं माप, कमी तितकं चांगलं) असते आणि एएसटीएम ई १७४५ या अशा फिल्मच्या अमेरिकी मानकातली मर्यादा ०.१ पर्म आहे. त्याच मानकातला पहिला वर्ग मिळवताना माल अडतो तो भोसकण्याच्या, म्हणजे डार्टच्या चाचणीत, कारण तिथे २२०० ग्रॅम टिकावे लागतात. खडी घुसते ती फिल्मच्या सर्वांत पातळ जागेतून. म्हणून ही लाइन जोखायची ती जाडीच्या सारखेपणावर, छिद्रांवर आणि कूलिंगवर.

आधी हिशोब. ८०० मिमी डाय आणि २.५ ब्लो-अप रेशो (फुग्याचा व्यास डायच्या किती पट) धरला तर चपटी केलेली नळी सुमारे ३.१४ मीटर रुंद होते आणि एका बाजूने चिरून उघडली की ६.२८ मीटरची चादर मिळते. २५० मायक्रॉनला या नळीचा एक मीटर साधारण १.४५ किलो भरतो. ताशी ४०० किलो काढायचे तर हॉल-ऑफ मिनिटाला ४.६ मीटरच फिरतो. एवढ्या मंद वेगाला ड्राइव्ह डळमळत असेल तर प्रत्येक झटका फिल्मवर आडवी जाड-पातळ पट्टी होऊन उमटतो. पिशव्यांच्या पातळ फिल्मसाठी निवडलेला गिअरबॉक्स इथे चालत नाही. सर्वांत कमी वेगाला वेग किती स्थिर राहतो, हे विक्रेत्याकडून आधी लिहून घ्या.

खरी कसोटी कूलिंगची. जाड फिल्मला आतून गार व्हायला वेळ लागतो. बाहेरची हवा कितीही गार दिली तरी फुग्याच्या आत कोंडलेली हवा तापतच राहते, आणि निपपर्यंत (नळी चपटी करणाऱ्या रोलांपर्यंत) पोचलेल्या नळीच्या दोन्ही आतल्या भिंती एकमेकींना चिकटतात. साइटवर चादर उघडताना ती फाटते ती याच कारणाने. निपपाशी फिल्मचं तापमान ४५ ते ५० अंशांच्या आत हवं. म्हणून आतली हवा बदलणारी आयबीसी यंत्रणा इथे चैनीची वस्तू नाही. अंदाजपत्रकात ती ‘ऐच्छिक’ म्हणून वेगळी दाखवली असेल तर मुळात ताशी किलोंचा आकडा कशाच्या भरवशावर दिलाय, हे विचारा. आयबीसीच्या नळ्यांत दाण्यातलं मेण थिजून साचतं. ते साफ करायला झाकणं सहज उघडतात का, हे यंत्र उभं करण्याआधी पाहून घ्यावं. नाहीतर फुग्याची रुंदी हळूहळू हलू लागते आणि दोष सेन्सरच्या माथी मारला जातो.

डाय स्पायरल मँड्रेलची (माल सर्पिल खाचांतून घेरभर पसरवणारी) असतेच. गॅप, म्हणजे ओठांमधली फट, मात्र विचारून घ्या. एलएलडीपीई (चिवट जातीचं पॉलिथिलीन) जास्त असलेल्या मिश्रणाला १ मिमीच्या आसपासचा गॅप दिला तर मेल्टवर खरखर येते, शार्कस्किन म्हणतात ती. अशा मालाला १.८ ते २ मिमी बरा. मिश्रणात ७० ते ८० टक्के एलएलडीपीई आणि बाकी एलडीपीई (फुगा धरून ठेवणारी जात) ठेवलं की भोसकणं सहन होतं आणि फुगाही उभा राहतो. एलडीपीई कमी केलं तर फुगा डुलतो, वाढवलं तर डार्टचा आकडा घसरतो. हे प्रमाण हाताने पिशव्या ओतून टिकत नाही. प्रत्येक एक्स्ट्रुडरवर वजनाने मोजणारा डोसिंग हॉपर बसवा. या लाइनवरच्या जोडसाहित्यात सर्वांत लवकर पैसे परत देणारी वस्तू तीच आहे.

डाय तापवायला घाई करू नये. ८०० मिमीचं पोलाद आतपर्यंत तापायला कित्येक तास लागतात. पॅनेलवर तापमान पुरं दिसलं म्हणून स्क्रू फिरवला तर आतला थिजलेला माल दाब एकदम चढवतो, आणि त्याचा फटका बोल्टना व डायच्या ओठांना बसतो.

छिद्रांची कारणं बहुतेक वेळा दोनच. एक, काळ्या मास्टरबॅचमधली (रंगाच्या दाट दाण्यातली) ओल. कार्बन ब्लॅक हवेतलं पाणी ओढतो, त्याची वाफ होते आणि फिल्ममध्ये लांबट डोळे पडतात. वापरण्याआधी मास्टरबॅच वाळवायलाच हवा आणि उघडी पोती ठेवू नयेत. दुसरं, जळलेला माल आणि जेल, म्हणजे नीट न वितळलेल्या गाठी. मधल्या थरात पुनर्वापराचा दाणा चालवायचा असेल तर त्या एक्स्ट्रुडरला न थांबता जाळी बदलणारा स्क्रीन चेंजर हवा, कारण साध्या सरकत्या चेंजरवर जाळी बदलताना फुगा तुटतो.

हॉल-ऑफ फिरता असण्याचा उपयोग नीट समजून घ्यावा. जाड पट्टा रोलवर एकाच जागी साठून कडा उभी राहू नये, एवढंच तो करतो. पातळ पट्टा त्याने जाड होत नाही, नुसती जागा बदलतो. फिरत्या हॉल-ऑफवर समाधान मानून एअर रिंग स्वस्तातली घेणं म्हणूनच महागात पडतं. रिंगच्या पूर्ण घेरात हवेचा वेग मोजा. एका बाजूला हवा कमी मिळाली की तिथली फिल्म जास्त वेळ मऊ राहते आणि ताणली जाऊन पातळ होते.

वाइंडरवर फार खर्च नको. जाड मालाला साधा सरफेस वाइंडर पुरतो. फक्त घडी घालणारी त्रिकोणी पाटी गुळगुळीत असावी आणि घडीवर निपचा दाब हलका ठेवता यावा. घडी करकचून दाबली तर चादर नेमकी तिथेच कमकुवत होते.

ताबा घेताना चाचणी २५० मायक्रॉनवर, जाहीर केलेल्या पूर्ण ताशी किलोंवर, सलग आठ तास चालवून घ्या. दर तासाला फुग्याच्या पूर्ण घेराची पट्टी कापून दर ५ सेंटिमीटरला जाडी मोजा. एका पट्टीवर सुमारे १२५ आकडे येतील. त्यातला सर्वांत लहान आकडा सरासरीपेक्षा ५ टक्क्यांहून जास्त खाली गेला तर एअर रिंग आणि डाय सेंटरिंग (डायची फट घेरभर सारखी बसवणं) दुरुस्त होईपर्यंत शेवटचा हप्ता सोडू नये.