दुतोंडी केसांवर सीरम: बाटलीत काय आहे, काय नाही

टोकांना लावायचं सीरम म्हणजे बोटभर उंचीची बाटली, आत पातळ मधासारखं संथ वाहणारं द्रव आणि लेबलवर हमखास एक वाक्य: ‘दुभंगलेली टोकं दुरुस्त करतं.’ तेवढं वाक्य खोडलं तर वस्तू कामाची आहे. केस वाढवत असाल तर घ्यावी अशीच आहे. पण ते वाक्य खरं मानून घेतली, तर सहा महिन्यांनी बाटली रिकामी आणि केस होते तिथेच, असा हिशेब व्हायचा. पाचपैकी चार गुण. एक गुण त्या वाक्यापायी कापला.

केस महिन्याला साधारण १ ते १.२५ सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ३० सेंटिमीटर लांब केसाचं टोक दोन-अडीच वर्षांचं, तर ६० सेंटिमीटरचं चार ते पाच वर्षांचं. तेवढ्या काळात त्या टोकानं शेकडो धुणी, रोजचा कंगवा, उशीवरचं घासणं, ऊन, टॉवेलचं खसाखसा पुसणं असं सगळं सोसलेलं असतं. टाळूजवळ केसावर सूक्ष्म खवल्यांचे सहा ते दहा थर असतात, कौलांसारखे एकावर एक, तोंडं टोकाकडे केलेले. खाली येता येता ते झिजतात आणि अगदी टोकाशी कित्येकदा एकही थर उरत नाही. मग आतले केरॅटिन या प्रथिनाचे धागे उघडे पडतात आणि जुन्या सुंभासारखे उसवतात. यालाच आपण केसाला फाटे फुटले म्हणतो. केस ही मेलेली वस्तू, तिची जखम भरून येत नाही. काही उत्पादनांतली पॉलिमरं, म्हणजे लांब साखळीचे चिकट रेणू, फाट्याच्या दोन शाखा चिकटवून धरतात खऱ्या, पण तो डिंक धुण्यात निघतो आणि फाटा होता तसा राहतो. वर सरकायचं कामही त्याचं चालूच असतं.

मग सीरम करतं काय? केस केसावरून घसरवतं. एवढंच, आणि लांब केसांना हे एवढंच फार लागतं. निरोगी केसाच्या पृष्ठभागावर १८-मिथाइल आयकोसॅनॉइक आम्ल नावाच्या स्निग्ध पदार्थाचा अतिशय पातळ थर चिकटलेला असतो. ब्लीच, पक्का रंग आणि केस सरळ करायची अल्कधर्मी रसायनं तो काढून टाकतात. हे काहीच केलं नसलं तरी टोकाकडे तो विरळ होत जातो. तो गेला की केस केसात अडकतो, गुंता होतो, गुंत्यातून कंगवा ओढला की कट्‌कन तुटतो. टाळूचं तेल तिथवर पोचत नाही, लांब केसांत तर नाहीच. सीरममधल्या सिलिकॉनचा पातळ पडदा ही गेलेली घसरण परत देतो. खात्री करायची तर एक केस चिमटीत धरा आणि टोकाकडून मुळाकडे बोटं सरकवा. खवल्यांच्या उलट दिशेनं जाताना बारीक खरखर लागते. सीरम सुकल्यावर त्याच केसावर तेच करून बघा. खरखर गेली नसेल तर सीरम पोचलेलं नाही किंवा बाटलीत दम नाही.

आता बाटलीची मागची बाजू. घटक जास्तीकडून कमीकडे लिहिलेले असतात. एक टक्क्याखालचे मात्र कुठल्याही क्रमानं आलेले चालतात. सीरमच्या यादीत बहुतेकदा पहिलं नाव सायक्लोपेंटासिलॉक्सेनचं असतं. हे उडून जाणारं सिलिकॉन, त्याचं काम फक्त पसरवून देण्याचं. मागे राहतं ते डायमेथिकोन किंवा डायमेथिकोनॉल. यांपैकी एक नाव पहिल्या तिनांत दिसलं की सीरम चालणार. अमोडायमेथिकोन दिसलं तर आणखी बरं, कारण ते केसाच्या खराब झालेल्या, ऋण भार जास्त असलेल्या जागी जास्त धरतं आणि चांगल्या भागावर कमी साचतं. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत मिरवणारं अर्गन तेल यादीत सुगंधाच्या आसपास सापडलं, तर ते नावापुरतंच आहे. त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. ‘अल्कोहोल डिनॅट’, म्हणजे उडून जाणारं आणि केस कोरडं करणारं अल्कोहोल, वरच्या दोन-तीन नावांत असेल तर कोरड्या टोकांसाठी ती बाटली सोडून द्यावी. मात्र सेटिल किंवा सेटिअरिल अल्कोहोल बघून घाबरू नये. नावात अल्कोहोल असलं तरी ते मेणासारखे स्निग्ध पदार्थ आहेत, कंडिशनरला मऊपणा त्यांच्यामुळेच येतो.

खरी गफलत होते ती लावताना. केस धुतल्यावर टॉवेल दाबून पाणी टिपून घ्यावं, चोळू नये. ओल्या केसात त्याच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश पाणी शिरतं, तो फुगतो, जास्त ताणला जातो आणि कमी जोरात तुटतो. केस निथळायचे थांबले, हाताला गार-दमट लागू लागले की सीरमची वेळ झाली. मध्यम दाटीच्या, खांद्यापर्यंतच्या केसांना दोन थेंब, कमरेपर्यंतच्या केसांना चार ते पाच. पंप पूर्ण दाबला तर बहुतेक बाटल्या गरजेच्या दुप्पट-तिप्पट ओततात, म्हणून अर्धाच दाबावा. थेंब दोन्ही तळव्यांवर चोळून तळवे नुसते चकाकतील इतपत पसरवायचे. केसांचे दोन भाग करून पुढे घ्यायचे, शेवटच्या ८ ते १० सेंटिमीटरवर तळव्यात तळवा मिटून खाली ओढायचं. मग टोकं मुठीत धरून दोन-तीनदा दाबायची. हाताला उरलेलं वरच्या केसांवरून हलकं फिरवलं तर चालतं, पण कानाच्या वर जायचं नाही. त्यानंतर रुंद दातांचा कंगवा, टोकापासून सुरुवात करून एकेक टप्पा वर. वरून खाली विंचरलं की सगळे छोटे गुंते खाली एकाच गाठीत गोळा होतात. ती गाठ शेवटी कात्रीनंच सुटते.

‘सीरमनं केस चिपचिपीत झाले’ ही तक्रार जवळपास नेहमी तीन कारणांनी येते: थेंब जास्त, जागा चुकीची, किंवा केस आधीच न धुतलेले. ‘काहीच फरक पडला नाही’ म्हणणाऱ्यांनी बहुधा निथळत्या केसांना लावलेलं असतं, आणि पाण्याबरोबर सीरम टॉवेलमध्ये गेलेलं असतं. रोज सकाळी कोरड्या केसांवर नवा थर चढवायची सवयही वाईट. तिसऱ्या दिवशी त्यावर धूळ बसते, बटा सुट्या होत नाहीत, आणि मग जोरात विंचरणं आलंच. धुण्यांच्या मधे टोकं राठ वाटली तर अर्धा थेंब पुरे. डायमेथिकोन पाण्यात विरघळत नाही, पण साध्या फेसाळ शाम्पूनं निघतं. सौम्य शाम्पू वापरणाऱ्यांनी दर चौथ्या-पाचव्या धुण्याला सोडियम लॉरेथ सल्फेट असलेला शाम्पू घ्यावा, तोही टाळूवरच चोळावा. ओघळणाऱ्या फेसात टोकं धुऊन निघतात. टोकं डोक्यावर गोळा करून घासणं हा केस वाढवणाऱ्यांचा सर्वात महागडा शौक आहे.

उष्णतेबाबत लेबलं फार बोलतात. सिलिकॉनचा पडदा उष्णता केसात शिरायचा वेग थोडा कमी करतो, हे खरं. पण केस सरळ करायच्या २२० अंश सेल्सिअसच्या इस्त्रीखाली तो ढाल म्हणून पुरत नाही. बारीक किंवा रंगवलेल्या केसांना १५० च्या आसपास आणि जाड केसांना फार तर १८० अंश, तेही एका बटेवरून एकदाच. केस ठणठणीत कोरडे हवेत. चर्र आवाज आला किंवा वाफ दिसली की समजावं, आत पाणी आहे. ते पाणी उकळून केसाच्या आत बुडबुडे करतं, आणि पुढे केस नेमका त्या बुडबुड्यापाशी तुटतो. हे नुकसान कुठल्याही बाटलीनं भरत नाही.

जे सीरम करू शकत नाही ते कात्री करते, म्हणून कात्रीचं इथे बोलायलाच हवं. कापल्यानं केस भरभर वाढतात हा गैरसमज. वाढ टाळूत होते, टोकाला काय चाललंय याची तिथे खबर नसते. पण महिन्याला एक सेंटिमीटर वाढून तेवढंच टोकाला झडत असेल, तर लांबी वर्षभर तिथेच दिसते आणि ‘माझे केस वाढतच नाहीत’ अशी समजूत होते. हे तपासायला एक शिवणाची टेप पुरते. केस पाठीमागे एकत्र बांधा, रबरापाशी घेर मोजा, मग टोकापासून ५ सेंटिमीटर वर मोजा. खालचा घेर वरच्याच्या अर्ध्याहून कमी असेल आणि केस थरांत कापलेले नसतील, तर खालचा भाग झिजून विरळ झालाय. तेवढा एकदाच काढून टाकावा आणि मग सीरमवर पैसे खर्च करावेत. उलट्या क्रमानं केलं तर चकचकीत शेपटी मिळते, शेपटीच.

त्यानंतर दर १० ते १२ आठवड्यांनी अर्धा ते एक सेंटिमीटर. हिशेब सोपा: १.२५ च्या वेगानं तीन महिन्यांत पावणेचार सेंटिमीटर वाढ, एक कापला तरी पावणेतीन उरले, वर्षाला ११. एवढंही कापायचं नसेल त्यांनी फाटे वेचावेत. कोरड्या केसांची पेन्सिलएवढी बट घेऊन सैल पीळ द्यायचा, पिळातून जे बाहेर डोकावतात ते उजेडात बघायचे. कुणाला इंग्रजी Y अक्षरासारखा साधा फाटा असतो, कुणाला पिसासारखे अनेक. काहींच्या मधेच पांढरा ठिपका दिसतो, तिथे केस वाकवला की मोडतो. फाट्याच्या किंवा ठिपक्याच्या अर्धा-एक सेंटिमीटर वर, काटकोनात कापायचं. तिरकं कापलं की टोकाला बारीक धार राहते आणि तिथून पुन्हा उसवायला सुरुवात होते. कात्री फक्त केसांसाठी ठेवलेली, पाच-साडेपाच इंची. कागद कापलेली कात्री केस कापायच्या आधी चेंगरते, म्हणजे नवा फाटा आपणच पेरतो. फाटे बोटांनी सोलायची सवय असेल तर ती आधी सोडा, एका ओढीत केस तीन-चार सेंटिमीटर वर चिरत जातो.

सीरमऐवजी दुसरं काही चालेल का? धुण्याआधी खोबरेल तेल जरूर लावावं. लॉरिक आम्लाचा सडपातळ रेणू केसाच्या आत शिरतो आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी होते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात खोबरेल तेलानं हे साधलं, खनिज तेल आणि सूर्यफूल तेलानं नाही. अर्धा चमचा टोकांना, धुण्याच्या दोन-तीन तास आधी किंवा रात्री. सीरमचं काम मात्र धुण्यानंतरचं, त्यामुळे ही दोघं भांडत नाहीत. लिव्ह-इन क्रीम, म्हणजे लावून न धुता तसंच ठेवायचं क्रीम, दाट, कुरळ्या किंवा रंगवलेल्या केसांना सीरमपेक्षा चांगलं, कारण त्यातलं बेहेनट्रायमोनियम क्लोराइड केसाला धरून राहतं आणि कुरळ्या बटा एकत्र बसतात. अशा केसांना आधी क्रीम, वर एक थेंब सीरम. बारीक, सरळ केसांना क्रीम जड होतं, त्यांनी सीरमवरच थांबावं. बाँड, म्हणजे केसाच्या आतले तुटलेले रासायनिक बंध, जोडणारी महागडी उत्पादनं ब्लीच केलेल्या केसांसाठी आहेत. साध्या, न रंगवलेल्या केसांवर त्यांचा फारसा उपयोग नाही. प्रथिनांचे मास्क आठवड्याला लावत गेलं की केस कडक आणि ठिसूळ वाटू लागतात, तेव्हा ते महिन्यातून एकदा पुरे.

रात्री केस सैल वेणीत घालावेत, रबर धातूच्या जोडाचं नसावं, आणि साटीनची खोळ मिळाली तर उशीला घालावी. यांतलं वेणीचं महत्त्व जास्त, खोळ ऐच्छिक.

शेवटी बाटलीचा आकार. एक थेंब म्हणजे अंदाजे ०.०५ मिलिलिटर. तीन थेंब, आठवड्यातून तीनदा, असं धरलं तर वर्षाला २३-२४ मिलिलिटर लागतं. मागच्या बाजूला उघड्या झाकणाच्या डबीचं चित्र असतं, त्यातला आकडा उघडल्यावर किती महिने वापरायचं ते सांगतो. तिथे १२ असेल तर ५० ची बाटली घेऊन अर्धी फेकावी लागेल, ३० ची पुरते. आणि ५० ची बाटली दोन महिन्यांत संपत असेल तर नवी आणायच्या आधी पंप किती दाबला जातोय ते बघा.