नाशिकमधील क्रुसेड अभ्यासवर्ग : पाच रविवारांनंतरचा अभिप्राय

गंगापूर रोडवरील एका लहान सभागृहात गेल्या पौष-माघात पाच रविवार सकाळी भरलेल्या, क्रुसेड म्हणजे जेरुसलेमसाठी युरोपातील ख्रिस्ती सैन्यांनी मध्ययुगात काढलेल्या मोहिमांविषयीच्या अभ्यासवर्गाला मी पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत उपस्थित होतो. 1200 रुपये शुल्क, दर वेळी अडीच तास आणि मध्ये चहा, अशी त्याची रचना होती. वर्ग घेणारे इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक आहेत. पुढील तुकडीची नोंदणी सुरू असल्याचे समजल्यामुळे, नाव नोंदवावे की नाही असा विचार करणाऱ्यांसाठी हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

पहिला अर्धा तास केवळ एका शब्दावर खर्च झाला आणि तो सत्कारणी लागला. आपण क्रुसेडला सर्रास ‘धर्मयुद्ध’ म्हणतो. परंतु मराठी मनात धर्मयुद्ध म्हटले की नियम पाळून लढलेले, सूर्यास्ताला शस्त्र खाली ठेवणारे महाभारतातील युद्ध उभे राहते आणि अर्थाची गल्लत होते, म्हणून सरांनी पाचही दिवस ‘क्रुसेड’ हाच शब्द वापरला. पोप दुसरा अर्बन याच्या 1095 मधील फ्रान्समधल्या क्लेर्मोंट येथील आवाहनानंतर निघालेले लोक स्वतःच्या प्रवासाला यात्रा म्हणत, नवस बोलून अंगरख्यावर कापडी क्रूस शिवून घेत आणि या प्रवासाने पापांचे प्रायश्चित्त होते असे मानत. तो आठवडा निवृत्तिनाथांच्या यात्रेचा होता व त्र्यंबकच्या वाटेवर दिंड्या चालल्या होत्या, त्यामुळे यात्रेकरूच्या मनातील ओढ समजावून सांगण्याची गरज समोर बसलेल्या कोणालाही नव्हती. त्याच ओढीला शस्त्र जोडले गेल्यावर काय घडले, हा खरा प्रश्न सरांनी तेथून उचलला. आपल्याकडचा ‘फिरंगी’ हा शब्दही मुळात याच ‘फ्रँक’ म्हणजे पश्चिम युरोपीय लोकांच्या अरबी-फारसी नावावरून आला आहे, हे ऐकताना मला विशेष आनंद झाला.

या वर्गाचे सर्वांत मोठे बळ म्हणजे प्रत्येक प्रसंगाला दोन्ही बाजूंचे साक्षीदार समोर ठेवण्याची पद्धत. 15 जुलै 1099 रोजी जेरुसलेम पडले आणि तेथे मुस्लिम व ज्यू रहिवाशांची मोठी कत्तल झाली, याविषयी दुमत नाही. परंतु स्वारीसोबत असलेला रेमंड हा धर्मोपदेशक रक्त घोड्यांच्या लगामापर्यंत पोहोचल्याचे लिहितो, तेव्हा ते वाक्य बायबलमधील ‘प्रकटीकरण’ या ग्रंथातून उचललेले आहे. आणि मृतांचा सत्तर हजारांचा आकडा देणारा अरब इतिहासकार इब्न अल-असीर या घटनेनंतर सुमारे साठ वर्षांनी, 1160 मध्ये जन्मला. एकाला ईश्वराचा न्याय झाल्याचे दाखवायचे होते, दुसऱ्याला झालेल्या अपमानाची जाणीव जागी ठेवायची होती. सरांनी दोन्ही उताऱ्यांचे मराठी भाषांतर वाटले, दहा मिनिटे शांतपणे वाचायला दिली आणि मगच चर्चा सुरू केली. आकड्यांवर शंका घेणे म्हणजे कत्तल नाकारणे नव्हे, हा फरक त्यांनी इतक्या संयमाने समजावला की एरवी हमखास वादाकडे गेली असती अशी चर्चा शेवटपर्यंत विषयावरच राहिली.

दोन धर्मांच्या दोन अभेद्य फळ्या समोरासमोर उभ्या होत्या, हे चित्र मीही मनात घेऊन गेलो होतो. ते तिसऱ्या रविवारी पुरते मोडले. क्रुसेडर येण्याच्या आदल्याच वर्षी, 1098 मध्ये, इजिप्तच्या शिया फातिमी सत्तेने जेरुसलेम सुन्नी तुर्कांकडून हिसकावून घेतले होते. 1140 मध्ये दमास्कसच्या मुस्लिम सत्तेने मोसुलचा मुस्लिम शासक झेंगी याच्या विरोधात जेरुसलेमच्या ख्रिस्ती राज्याशी हातमिळवणी केली. 1204 मध्ये तर चौथ्या क्रुसेडच्या सैन्याने कॉन्स्टँटिनोपल (आजचे इस्तंबूल) हे ख्रिस्ती महानगरच लुटले. इजिप्त व सीरियाचा सुलतान सलाहुद्दीन याने हत्तीनच्या लढाईतील विजयानंतर 2 ऑक्टोबर 1187 रोजी जेरुसलेम घेतले, तेव्हा कत्तल न होता पुरुषामागे दहा व स्त्रीमागे पाच दिनार अशी खंडणी ठरली. मात्र ती देऊ न शकलेले हजारो लोक गुलाम झाले, हेही सरांनी तितक्याच स्पष्टपणे सांगितले.

वेढ्यांचे सत्रही उत्तम झाले. पहिल्या क्रुसेडमधील अँटिओक शहराचा वेढा ऑक्टोबर 1097 पासून जून 1098 पर्यंत चालला, वेढा घालणारेच उपासमारीने खंगले आणि अखेर आतील एका बुरुजाच्या रक्षकाला फितवून शहर घेतले गेले. औरंगजेबाच्या फौजेला कित्येक वर्षे झुंजवणारा रामशेज आपल्या उंबरठ्यावर असल्यामुळे दाणागोटा, पाणी आणि फितुरी या तीन गोष्टींवर वेढ्याचे भवितव्य कसे ठरते, हे नाशिककरांना चटकन उमगते.

आता उणिवा. 1096 मध्ये ऱ्हाइन नदीकाठच्या वर्म्स, माइन्झ आदी शहरांत क्रुसेडच्या नावाखाली ज्यू वस्त्यांवर झालेले हल्ले चार-पाच वाक्यांत उरकले गेले. साक्षीदारांना एवढे महत्त्व देणाऱ्या वर्गात या हल्ल्यांविषयीच्या हिब्रू वृत्तांतांना एकही पान मिळू नये, हे मला खटकले आणि मी ते सरांना सांगितलेही. सीरियातील स्थानिक ख्रिस्ती लोकांचे या दोन शतकांत काय झाले, हा प्रश्नही जवळजवळ अस्पर्शित राहिला. शेवटच्या रविवारी फार घाई झाली. सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने 1229 मध्ये इजिप्तचा सुलतान अल-कामिल याच्याशी तह करून लढाईवाचून जेरुसलेम मिळवले, हा सबंध कालखंडातील कदाचित सर्वांत विचार करायला लावणारा प्रसंग. तो आणि 1291 मधील अक्का या क्रुसेडरांच्या शेवटच्या मोठ्या शहराचा पाडाव यांना मिळून वीस मिनिटे मिळाली. वाटलेले नकाशे पुसट होते व त्यांवरील नावे इंग्रजीत होती, त्यामुळे एडेसा शहर नेमके कोठे हे शोधण्यात मागे बसलेल्या ज्येष्ठांना फार त्रास झाला.

तरीही मूळ उतारे मराठीत वाचायला मिळतात, ही एकच गोष्ट शुल्क वसूल होण्यास पुरेशी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. एखाद्या बाजूचा विजय ऐकायला येणाऱ्याची येथे निराशा होईल. दहावीच्या पुढील विद्यार्थी सहज समजू शकतील अशी भाषा आहे, पण वाचनाची तयारी हवी. सभागृहात सुमारे चाळीस खुर्च्या आहेत आणि पंखे जुने असल्यामुळे मागच्या रांगेत आवाज नीट पोहोचत नाही, तेव्हा पंधरा मिनिटे आधी जाऊन पुढे बसावे. सहावा रविवार वाढवून तो केवळ 1229 ते 1291 या काळासाठी ठेवावा, अशी लेखी विनंती आम्ही काही जणांनी आयोजकांकडे दिली आहे. तो मंजूर झाला तर त्या एका सत्रासाठी मी पुन्हा नाव नोंदवणार आहे.