तालुक्याच्या गावी थायरॉइडचे उपचार : एका दवाखान्याचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी एका एमडी मेडिसिन डॉक्टरांचा छोटा दवाखाना आहे. ते ग्रंथींच्या विकारांचे खास तज्ज्ञ नाहीत आणि तसा दावाही करत नाहीत. मात्र माझ्या सासूबाईंचे आणि माझे, दोघींचेही उपचार तेथेच सुरू असल्यामुळे एवढे खात्रीने लिहिता येते की, थायरॉइड ग्रंथी कमी काम करण्याचे साधे, गुंतागुंत नसलेले दुखणे असेल तर त्यासाठी नागपूर गाठण्याची गरज नाही.

सासूबाईंना आधी एका मोठ्या शहरातील रुग्णालयात दाखवले होते. तेथे टीएसएचचा, म्हणजे थायरॉइडचे काम कसे चालले आहे हे दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, आकडा पाहून दर वेळी गोळीची मात्रा वाढवून दिली जाई. ती घ्यायची कशी, हे मात्र कोणी सांगितले नव्हते. येथील डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत पिशवीतील सगळी औषधे टेबलावर काढायला लावली. थायरॉइडच्या बाटलीशेजारी कॅल्शियमची पट्टी आणि रक्तवाढीच्या गोळ्या निघाल्या, आणि ही तिन्ही औषधे सासूबाई सकाळच्या चहासोबत एकदमच घेत असल्याचे उघड झाले. कॅल्शियम आणि लोह हे लेव्होथायरॉक्सिनला, म्हणजे थायरॉइडच्या गोळीतील औषधाला, पोटातच अडवून धरतात, त्यामुळे ते रक्तात पुरेसे उतरत नाही. म्हणून या औषधांत किमान चार तासांचे अंतर हवे, हे डॉक्टरांनी शांतपणे समजावले. मात्रा मुळीच न वाढवता त्यांनी सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी करायला सांगितले, कारण हे औषध शरीरात सावकाश स्थिरावते आणि पंधरा दिवसांत काढलेल्या रिपोर्टवरून काहीच ठरवता येत नाही. पुढच्या रिपोर्टमध्ये टीएसएच मर्यादेत आला.

गोळी रिकाम्या पोटी साध्या पाण्यासोबत घ्यावी आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा घेऊ नये, हा नियम कागदावर सोपा वाटतो. कापूस वेचणीच्या दिवसांत बायका उजाडायच्या आत घराबाहेर पडतात, तेथे तो पाळायचा कसा? सासूबाईंनी तर डॉक्टरांना स्पष्टच सांगितले, ‘‘चहा घेतल्याबिगर मी वावरात जात नाही जी.’’ डॉक्टर रागावले नाहीत. ‘‘मग आई, तुम्ही रात्रीच घ्या,’’ असे म्हणून त्यांनी जेवण लवकर उरकायला आणि त्यानंतर तीन-चार तासांनी, झोपताना गोळी घ्यायला सांगितले. अट एकच, वेळ रोज तीच असावी. रुग्णाचा दिवस कसा जातो हे विचारून औषधाची वेळ ठरवणारे डॉक्टर मला तरी क्वचितच भेटले आहेत, आणि या दवाखान्याची मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट हीच आहे.

औषध ठेवण्याबाबतही ते आवर्जून बोलतात. उष्णता, ओल आणि उजेड यांमुळे या गोळीचा गुण कमी होतो, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो तेव्हा टिनाच्या छपराखालची फळी म्हणजे भट्टीच असते. त्यामुळे बाटली चुलीपासून दूर, आतल्या थंड खोलीत ठेवावी, गोळ्या दुसऱ्या डबीत काढून ठेवू नयेत आणि उन्हाळ्यात चार-पाच महिन्यांचा साठा करू नये, असा त्यांचा सल्ला आहे.

आहाराच्या बाबतीत येथे पथ्यांची लांबलचक यादी मिळत नाही. घरचे सोयाबीन खाण्यास हरकत नाही, फक्त ते गोळीच्या वेळेला लागून नसावे. शिजवलेली पत्ताकोबी नेहमीच्या प्रमाणात चालते. मीठ आयोडीनयुक्तच वापरावे, पण आयोडीनच्या वेगळ्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. वजनाबद्दल डॉक्टर जरा परखड आहेत. थायरॉइडमुळे वाढणारे वजन बहुधा थोडेच असते, बाकीचे चालण्याने आणि ताटातील भात कमी केल्यानेच उतरेल, असे त्यांनी मला तोंडावर सांगितले. ते मला आवडले नाही, पण पटले. धण्याचे पाणी पिऊन गोळी सुटते का, या माझ्या प्रश्नावर त्यांनी दिलेले उत्तरही तितकेच सरळ होते : पाणी खुशाल प्या, गोळी मात्र सोडू नका.

गैरसोयी आहेत, आणि त्या लहान नाहीत. रक्ताचा नमुना येथे घेतला जातो, पण तपासणीसाठी बाहेर पाठवला जातो. त्यामुळे रिपोर्ट दाखवायला दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे लागते आणि वेचणीच्या हंगामात एका फेरीचा अर्थ एका दिवसाची मजुरी बुडणे असा होतो. रिपोर्ट मोबाइलवर पाहून सल्ला देण्याची सोय सहज करता येईल, ती अद्याप केलेली नाही. नंबर सकाळी प्रत्यक्ष येऊनच लावावा लागतो. औषधाच्या दुकानात कधी कधी न विचारता दुसऱ्या कंपनीची बाटली दिली जाते, तेव्हा नाव आणि मायक्रोग्रॅमचा आकडा काउंटरवरच तपासून घ्यावा; कंपनी बदलणे भागच पडले तर डॉक्टरांना कळवून सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करून घ्यावा.

गरोदर स्त्रियांना मात्र येथे रांगेत बसवून ठेवत नाहीत. थायरॉइडची गोळी सुरू असताना दिवस गेल्यास मात्रा बहुधा लगेच वाढवावी लागते, त्यामुळे अशा वेळी पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच आठवड्यात यावे, अशी सूचना दारावर मोठ्या अक्षरांत लावलेली आहे. कंपाउंडरला तसे सांगितले की तो नंबर न पाहता आत सोडतो. दवाखाना रविवारी बंद असतो, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी शक्य असेल तर जाऊच नये.