वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरची यकृत-तपासणी : टिळकवाडीतील एक केंद्र

माझ्या थोरल्या बहिणीची स्लीव्ह शस्त्रक्रिया (जठराचा मोठा भाग काढून ते लहान करणे) झाली तेव्हा तिला फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात साठलेली चरबी, होतेच. त्याच्या देखरेखीसाठी आम्ही खानापूरहून बेळगावला, टिळकवाडीतील एका खासगी केंद्रात फायब्रोस्कॅन (यकृताचा ताठरपणा व त्यातली चरबी बाहेरूनच मोजणारी तपासणी) करून घेतो. तपासणीपूर्वी किमान ३ तास पोटात काही नको, ही अट ते फोनवरच मराठीतून कारणासह समजावतात. जेवणानंतर यकृताकडील रक्तप्रवाह वाढून ताठरपणाचा आकडा फुगतो, हे गावाकडून निघताना चहा-नाश्ता करून येणाऱ्या माणसाला आधी कळणे फार गरजेचे आहे.

मोजणीची शिस्त ही या केंद्राची खरी जमेची बाजू. तंत्रज्ञ घाई न करता १० ग्राह्य मोजण्या घेतात आणि ताठरपणाचा किलोपास्कल या एककातील मध्यक (मधला आकडा), मोजण्यांमधील तफावत, चरबीचा आकडा व वापरलेला प्रोब (त्वचेवर टेकवायचे मोजणीचे उपकरण) या साऱ्यांची अहवालात नोंद करतात. प्रोबची नोंद मला सर्वांत मोलाची वाटते. शस्त्रक्रियेपूर्वी त्वचेखालील चरबीच्या जाड थरामुळे बहिणीला एक्सएल प्रोब लागत असे. वजन उतरल्यावर नेहमीचा एम प्रोब पुरेसा झाला. एकाच माणसात एम प्रोबचा आकडा साधारणपणे थोडा जास्त येतो, त्यामुळे दोन अहवाल नुसते शेजारी ठेवले असते तर सुधारणा प्रत्यक्षाहून कमी दिसली असती. तंत्रज्ञांनी हे आपणहून सांगितले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

उणीव आहे ती अहवालाच्या मांडणीत. एसजीओटी, एसजीपीटी (यकृताची एन्झाइम्स) आणि प्लेटलेटच्या रक्तचाचण्या त्याच इमारतीत होतात, तरीही वयाशी त्यांचा मेळ घालून निघणारा, यकृतातील व्रणांचा अंदाज देणारा फिब-४ निर्देशांक अहवालात दिलेला नसतो. वजन झपाट्याने उतरत असताना यकृताची एन्झाइम्स काही काळ वाढू शकतात, म्हणून रक्ताचे आणि स्कॅनचे आकडे एकत्र वाचणेच योग्य. ते काम शेवटी आमच्या डॉक्टरांनी केले. याच काळात पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो आणि ते फायब्रोस्कॅनमध्ये दिसत नाहीत. त्यासाठी सोनोग्राफी वेगळी करावी लागते, असा फलक काउंटरवर मराठीत व कानडीत लावायला हवा.

मोजणीसाठी हे केंद्र मी निःसंकोच सुचवीन. निपाणी-चिकोडीकडून येणाऱ्यांनी सकाळची वेळ मागून घ्यावी आणि शस्त्रक्रियेपूर्वीचा अहवाल सोबत आणावा.