सोयाबीनसाठी हार्वेस्टरला दात्यांचा ड्रम की रास्पबार?

हंगामाआधी हार्वेस्टरचा ड्रम, म्हणजे पीक मळणारा फिरता लोखंडी दंडगोल, खोलला की वाळवा-पलूसकडच्या गाडीमालकांना हाच प्रश्न पडतो: त्यावर लोखंडी दाते हवेत की रास्पबार, म्हणजे खाचांच्या लोखंडी पट्ट्या. आमच्या गाडीचं बहुतेक काम सोयाबीनचं, मागून हरभरा आणि गहू. त्या हिशेबानं सांगतो.

दात्यांचा ड्रम पीक ओढून घेतो. ओला, गुंतलेला भात त्याच्यासारखा कुणी काढत नाही. शिराळा-पाटणकडे भातच काढायचा असेल तर दातेच घ्या. एखादा दाता वाकला तर तेवढाच बदलता येतो, हीही सोय आहे.

पण वाळलेल्या सोयाबीनला हा मार सोसत नाही. मागच्या हंगामात एका काकांनी टाकीतली मूठ माझ्यासमोर उघडली, त्यात सात-आठ डाळी. त्याहून वाईट ते, जे दिसत नाही. सोयाबीनची साल पातळ आणि अंकुर तिच्या अगदी खाली. दाणा अखंड दिसतो, पण आतून दुखावलेला असतो. घरचं बियाणं म्हणून ठेवलेली ती रास जूनमध्ये उगवत नाही आणि शेतकऱ्याचा अख्खा हंगाम जातो. म्हणून मी रास्पबारच्या बाजूचा. तो शेंग ड्रमखालच्या जाळीवर घासून फोडतो, दाण्यावर थेट घाव कमी बसतो.

रास्पबार घेताना मात्र घाई नको. त्यावरच्या खाचा डाव्या आणि उजव्या अशा दोन तिरप्यांच्या येतात, त्या एकाआड एक बसवाव्या लागतात. सगळे एकाच तिरपीचे बसवले तर माल एका बाजूला सरकतो. बदलायचे तर समोरासमोरची जोडी, तीही वजन जुळवून. नाहीतर ड्रम थरथरतो आणि बेअरिंग खातो.

ड्रमइतकंच लक्ष जाळीकडे द्या. गव्हाची दाट तारांची जाळी सोयाबीनला तशीच ठेवली तर सुटलेला दाणा खाली पडत नाही, पुन्हा पुन्हा मार खातो. एकाआड एक तार काढा किंवा मोठ्या फटींची जाळी घ्या.

ड्रमच्या वेगाचंही तसंच. बियाण्यासाठी दाण्यात 14 टक्के ओलावा असेल तर मिनिटाला 400 ते 500 फेरे, 13 टक्के असेल तर 300 ते 400. गव्हाच्या वेगावर सोयाबीन घातलं तर रास्पबारही डाळच करणार.

रास्पबार आधीच असतील आणि पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर जुन्या बारच्या खाचांवरून अंगठा फिरवा. कड बोटाला लागत असेल तर बार राहू द्या, जाळी बदला.