चार कार्डांचा घरगुती महासंगणक: हवेने थंड की पाण्याने?

विज्ञानकथांमधला बुद्धिमान संशोधक स्वतःला साजेसा महासंगणक गार तळघरात उभारतो. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात खोलीच 40 अंशांवर जाते, म्हणून आधी थंडाव्याचं ठरवा. 350 वॅटची चार ग्राफिक्स कार्डं आणि प्रोसेसर मिळून साधारण 1,700 वॅट उष्णता सोडतात. जणू खोलीत हीटरच.

हवेने थंड करायची रचना स्वस्त, दुरुस्तीला सोपी. मात्र कार्डं चिकटून बसवली की वरचं कार्ड खालच्याची गरम हवा ओढतं आणि वेग घटवतं. दोन कार्डांमध्ये कार्ड बसवायची एक खाच (स्लॉट) रिकामी सोडा. काळ्या मातीची धूळ जाळीत भरते, ती दर पंधरवड्याला झटकून टाका. कूलरच्या झोतात मशीन ठेवूच नका: ओल आणि क्षारांनी बोर्ड गंजतो.

पाण्याच्या रचनेत आवाज कमी, कार्डंही जवळ बसतात. पण रेडिएटर, म्हणजे पाण्यातली उष्णता हवेत सोडणारी जाळी, खोलीचीच हवा वापरतो. पाणी खोलीपेक्षा गार होणार नाही. बोअरचं पाणी घातलंत तर क्षारांनी ब्लॉकच्या, म्हणजे चिपवर बसणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पाणी वाहणाऱ्या बारीक खाचा बुजतात. डिस्टिल्ड वॉटर आणि गंजरोधकच घ्या. तांब्याच्या ब्लॉकला ॲल्युमिनियमचा रेडिएटर जोडला की ॲल्युमिनियम झिजतं. भरल्यावर 24 तास फक्त पंप चालवून गळती पाहा.

रेडिएटर खिडकीबाहेर सावलीत नेता येत असेल तर पाणी. नाहीतर आम्ही हवाच निवडू.