स्पूलची टेप: पातळ घेऊन पस्तावलो

काकांचा स्पूलचा टेपरेकॉर्डर जानेवारीत दुरुस्त करून घेतला. सदाशिव पेठेत आमच्याकडे महिन्याला घरगुती बैठक असते, ती त्यावर घेतो. सात इंची स्पूल, सेकंदाला साडेसात इंच वेग, रेकॉर्डिंग एकाच बाजूला.

टेप घेताना मी फक्त मिनिटं मोजली. ५० मायक्रॉनच्या आसपासची जाड टेप या स्पूलवर १२०० फूट मावते, म्हणजे ३२ मिनिटं. ३५ मायक्रॉनची १८०० फूट, ४८ मिनिटं. २६ मायक्रॉनची २४०० फूट, तासाच्या वर! ख्याल रंगात आलेला असताना टेप संपली, की गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघवत नाही. म्हणून जुन्या बाजारातून २६ची सहा स्पुलं उचलली.

मे महिन्यात फेब्रुवारीची बैठक लावली. तानपुरे जुळायच्या आधी वहिनी कलाकारांची ओळख करून देतात. हेडफोनवर आधी एक पुसट 'नमस्कार', अडीच-तीन सेकंदांनी खरा. वेढ्यावरचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर उमटतं. टेप पातळ तेवढं जास्त, आणि उष्णतेने आणखी. मी शहाण्याने स्पुलं ठेवली होती माळ्यावर, पत्र्याखाली. तानपुरे सुरू झाले की हे भूत त्यात बुडतं, पण शांततेत लपत नाही. आता वाजवून झाल्यावर रिवाइंड न करता तसंच ठेवतो, शेवट बाहेर. मग जोरकस उमटलेला ठसा मूळ आवाजाच्या मागून येतो आणि त्याखाली झाकला जातो.

दुसरा फटका जास्त लागला. भरधाव रिवाइंडमध्ये स्टॉप दाबला, ब्रेक कचकन लागला. टेप तुटली असती तर चिकटवली असती. पॉलिएस्टरची टेप तुटली नाही, ताणली गेली. बोटभर तुकडा दोऱ्यासारखा वळला, आणि भैरवीतला षड्ज तिथे कायमचा डळमळतो.

जूनपासून ३५ मायक्रॉनवर आलो: रेकॉर्डिंग द मास्टर्स या कंपनीची एलपीआर ३५, नवी कोरी, फ्रान्सची. खिशाला चटका बसतो. टेप बदलल्यावर बायसही (रेकॉर्ड करताना आवाजात मिसळला जाणारा, कानाला न ऐकू येणारा सिग्नल; तो टेपेनुसार जुळवावा लागतो) नव्याने लावून घ्यावा लागला. तो खर्च धरलाच नव्हता. पण तीन बैठका झाल्या, भूत नाही, ताण नाही. ५०ची टेप अजून दणकट, पण ३२ मिनिटांत आमच्याकडे विलंबितसुद्धा आवरत नाही.

४८ मिनिटांचं गणित पेटीवाल्याला सांगून ठेवलंय. चाळिसावं मिनिट लागलं की मी चष्मा काढतो, तो गवयाकडे बघतो. मागच्या वेळी गवयाने डोळेच मिटले होते.